व्यायाम कधी होतो, कधी नाही: मग कॅलरी अ‍ॅपमध्ये नेमकं काय भरायचं?

वजन कमी करायचं ठरलं की आपण सगळ्यात आधी काय करतो? प्ले स्टोअर उघडतो. मीही तेच केलं होतं. वय २७, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी ६.१. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या अलीकडची पायरी, इथून मागे फिरता येतं, वजन उतरवा. आमच्या बाबांना पंचेचाळिशीतच गोळ्या लागल्या, त्यामुळे हे मी हसण्यावारी नेलं नाही. अ‍ॅप टाकलं, मनगटावर बँड बांधला आणि तीन महिने इमानदारीने सगळं नोंदवलं. अ‍ॅपने दिलेली मर्यादा मी जवळजवळ कधीच ओलांडली नाही.

तीन महिन्यांनी वजन होतं ८२.४.

चूक अ‍ॅपच्या गणिताची नव्हती. मी त्याला जी माहिती दिली होती, ती माझ्या आयुष्याची नव्हती, एवढंच. ज्यांचा व्यायाम रोज ठरलेल्या वेळी होतो त्यांचं हे गणित आपोआप जमतं. ज्यांचा आठवड्यात कधी चार दिवस होतो आणि कधी एकही नाही, त्यांचं नेमकं कुठे फसतं आणि ते फोनवरच कसं दुरुस्त करायचं, ते या लेखात पाहूया.

अ‍ॅप आपला आकडा काढतं कसा?

बहुतेक अ‍ॅपच्या पोटात एकच जुनं सूत्र असतं, मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं. ते १९९० साली प्रसिद्ध झालं. पुरुषांसाठी ते असं: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५. बायकांसाठी शेवटी ५ मिळवायच्या ऐवजी १६१ वजा करायचे. माझा आकडा आला १७४०. म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलो तरी शरीर एवढ्या किलोकॅलरी खर्च करणार. (बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. पुढेही मी कॅलरीच म्हणतो.)

यानंतर अ‍ॅप विचारतं: तुमची अ‍ॅक्टिव्हिटी लेव्हल काय? गोम इथेच आहे. बैठं काम असेल तर १७४० ला १.२ ने गुणतात, हलकी हालचाल असेल तर १.३७५ ने आणि मध्यम असेल तर १.५५ ने. मी 'मॉडरेटली अ‍ॅक्टिव्ह' निवडलं, कारण आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम करायचाच असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं, हं. केलं नव्हतं.

आता हिशोब बघा. १.५५ ने गुणल्यावर आले २६९७. वजन कमी करायचं म्हणून अ‍ॅपने त्यातून ५०० वजा केले आणि मला रोजचे २१९७ दिले. पण माझं खरं आयुष्य काय? कन्हानहून कामठीमार्गे नागपूर, बाइकवर वीसेक किलोमीटर. तिथे आठ-नऊ तास कॉम्प्युटरपुढे. मग परत बाइक. हे शुद्ध १.२ चं आयुष्य. त्या हिशोबाने माझा दिवसाचा खर्च २०८८. म्हणजे अ‍ॅप ज्याला 'डाएट' म्हणत होतं, ते माझ्या खर्चापेक्षा शंभरेक कॅलरी जास्तच होतं. मी तीन महिने डाएटच्या नावाखाली थोडं जास्त जेवत होतो.

एका मित्राची गोष्ट याच्या उलट्या बाजूची. तो इथल्या कोळसा खाणीत आहे. खाणीत काम म्हणजे कष्टाचं, असं समजून त्याने 'व्हेरी अ‍ॅक्टिव्ह' निवडलं. पण तो डंपर चालवतो, पूर्ण शिफ्ट सीटवर बसून. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २११० कॅलरी आणि जड काम करणाऱ्याला ३४७० धरल्या आहेत. केवढा फरक आहे बघा. नोकरीचं नाव काय आहे याला अर्थ नाही, अंग किती हलतं ते बघायचं.

म्हणून पहिली दुरुस्ती: व्यायाम अनियमित असेल तर अ‍ॅपमध्ये 'सेडेन्टरी'च निवडा. दिवसभर उभं राहून किंवा फिरून काम असेल, उदाहरणार्थ दुकानात, डिलिव्हरीत किंवा शेतात, तर एक पायरी वर जा. पण जी पायरी निवडाल ती कामाची असू द्या. जिमला जायचा जो विचार आहे, त्याच्यासाठी पायरी चढू नका.

घड्याळ दाखवतं तेवढ्या कॅलरी खरंच जळतात का?

आता दुसरा घोळ. ज्या दिवशी मी चालायला जायचो, त्या दिवशी बँड अ‍ॅपला सांगायचा की याने २८७ कॅलरी जाळल्या. अ‍ॅप लगेच माझ्या जेवणाच्या मर्यादेत २८७ वाढवून द्यायचं. मी खूश. नदीच्या पुलाकडून परत येताना तर्री-पोह्यांची गाडी लागतेच.

हे २८७ येतात कुठून? शास्त्रज्ञांनी प्रत्येक हालचालीला एक आकडा दिलाय, त्याला 'मेट' म्हणतात. स्वस्थ बसणं म्हणजे साधारण १ मेट. ताशी पाचेक किलोमीटरने सपाट रस्त्यावर चालणं म्हणजे ३.५. मेट गुणिले वजन गुणिले तास: ३.५ गुणिले ८२, बरोबर २८७. पण तो तास मी घरी सोफ्यावर घालवला असता तरी ८२ कॅलरी जळल्याच असत्या आणि त्या माझ्या रोजच्या २०८८ मध्ये आधीच धरलेल्या आहेत. म्हणजे चालण्यामुळे जास्तीच्या जळल्या २०५. बरेच बँड आणि ट्रेडमिलचे स्क्रीन मात्र पूर्ण २८७ दाखवतात. आणि तुम्ही 'मॉडरेटली अ‍ॅक्टिव्ह' निवडलं असेल तर ते २०५ सुद्धा आधीच मोजून झालेले असतात. एकाच घामाचे पैसे दोनदा!

बरं, २८७ हा आकडा तरी अचूक असतो का? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहांनी व्यवस्थित मोजले, चूक ५ टक्क्यांच्या आत. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यात चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के निघाली आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. त्यानंतर उपकरणं सुधारली आहेत, पण मूळ अडचण तीच आहे. ठोके सेन्सरला दिसतात. कॅलरी कुणालाच दिसत नाहीत, त्या अंदाजाने काढाव्या लागतात.

पावलांचंही तसंच. बँडमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, तो हाताचे हेलकावे मोजतो. कामठी रोडला काम चालू असलेल्या पट्ट्यात मी बाइकवर असताना माझा बँड पावलं मोजत बसतो. एकदा तर घरून ऑफिसात पोचेपर्यंत नऊशे पावलं झाली होती, आणि मी चाललो होतो फक्त पार्किंगपासून लिफ्टपर्यंत. आणि ते रोज दहा हजार पावलांचं टार्गेट? ते काही डॉक्टरांनी शोधलेलं नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर.

एक सेटिंग मात्र आजच बघा. अँड्रॉइड १४ पासून फोनमध्ये 'हेल्थ कनेक्ट' आधीपासूनच असतं. बँडचं अ‍ॅप, फोनचं स्वतःचं अ‍ॅप आणि कॅलरी अ‍ॅप हे तिघंही त्यात नोंदी लिहू शकतात. पावलं बँडनेही मोजली आणि खिशातल्या फोननेही, तर काही अ‍ॅप दोन्ही धरतात. हेल्थ कनेक्टमध्ये डेटाच्या सोर्सची प्रायॉरिटी ठरवायची सोय आहे. तिथे एकच सोर्स वर ठेवा आणि बाकीच्यांची लिहायची परवानगी काढून टाका. मेनूची नावं फोनप्रमाणे थोडी बदलतात, म्हणून सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'हेल्थ' टाइप केलेलं बरं. त्याचबरोबर कॅलरी अ‍ॅपमध्ये व्यायामाच्या कॅलरी मर्यादेत मिळवणारा पर्याय असेल तर तो बंद करा. काही अ‍ॅपमध्ये तो फुकट बंद करता येत नाही. तसं असेल तर बँडचं कनेक्शनच तोडा, काही बिघडत नाही.

आपला खरा खर्च आपणच काढायचा

एवढं सगळं अंदाजपंचे असेल तर मग भरवसा कशावर ठेवायचा? मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आता सांगतो. तिला बँड लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. गुगल शीट्स आणि घरचा वजनकाटा, बस.

रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर आणि चहाच्या आधी, वजन करायचं आणि शीटमध्ये लिहायचं. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी खाल्लेल्या कॅलरी. रोजच्या वजनाकडे बघून खूश किंवा नाराज व्हायचं नाही. आठवड्याची सरासरी काढायची, शीटमध्ये अ‍ॅव्हरेजचं फंक्शन आहेच. पहिल्या आठवड्याची सरासरी आणि पाचव्या आठवड्याची सरासरी यांत २८ दिवसांचं अंतर पडतं. मग असं करायचं: जेवढे किलो उतरले ते गुणिले ७७०० आणि भागिले २८. जे उत्तर येईल ते रोजच्या सरासरी कॅलरींमध्ये मिळवायचं. हा तुमचा दिवसाचा खरा खर्च. वजन वाढलं असेल तर मिळवायच्या जागी वजा करायचं.

७७०० का? शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण तेवढी ऊर्जा साठलेली असते.

माझा पहिला हिशोब: खाण्याची सरासरी १७५०. वजन ८२.४ वरून ८१.३, म्हणजे १.१ किलो कमी. १.१ गुणिले ७७००, भागिले २८, आले ३०२. म्हणजे खर्च २०५०च्या आसपास. त्या महिन्यात मी नऊ दिवस चाललो होतो, बाकीचे दिवस नाही. मे महिना होता. नागपूर भागात पारा ४५ च्या वर, सकाळी सातलाच ऊन डोक्यावर. शिवाय लग्नसराई. गंमत बघा, हे नऊ दिवस त्या २०५० मध्ये आपोआप आलेत. कधी चाललो, किती चाललो, बँडने काय दाखवलं, काहीच वेगळं धरावं लागलं नाही.

याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. समजा मी रोज दीडशे कॅलरीचं तेल नोंदवायला विसरतो. मग माझा काढलेला खर्चही दीडशेने कमी येईल आणि पुढच्या महिन्यातही मी तसाच विसरेन. दोन्हीकडे तीच चूक, म्हणून ती कटून जाते. फक्त नोंदवायची पद्धत मध्येच बदलायची नाही. पैसे घेणारी काही अ‍ॅप, उदाहरणार्थ मॅक्रोफॅक्टर, हेच गणित आतल्या आत करतात. मला शीट पुरते.

मग रोज किती खायचं? काढलेल्या खर्चातून ३०० ते ५०० वजा करा. आणि मर्यादा रोजची नको, आठवड्याची धरा. मी १६५० गुणिले ७, म्हणजे ११,५५० एवढं बजेट ठेवलं. रविवारी मामाकडे सावजी जेवण आहे हे माहीत असेल तर आधीच्या चार दिवसांत शंभर-शंभर मागे ठेवायचे. जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं नाही. मी एकदा राहिलो होतो, आणि रात्री अकराला फ्रिजसमोर उभं राहून संत्रा बर्फीचा अर्धा डबा संपवला.

पोह्यांच्या प्लेटमध्ये किती?

अ‍ॅपमध्ये 'पोहे' शोधा, दहा वेगवेगळे आकडे दिसतील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले, त्यात ५२८ पदार्थ आहेत. पण ते मुख्यतः कच्च्या मालाचे: ज्वारी, तूरडाळ, मेथी, म्हशीचं दूध. आईच्या हातचे पोहे त्यात नाहीत. अ‍ॅपमधली 'एक प्लेट' कुणाच्या तरी घरची असते.

म्हणून शक्य तिथे कच्च्या मालावरून मोजा. ६० ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे २१० च्या आसपास, मोठा चमचा तेल १२०, मूठभर नाही तर दहा ग्रॅम शेंगदाणे ५५-६०. झाले ३८५ ते ३९०. त्यावर तर्री ओतली की वरचं लाल तेल वेगळं. तासभर चालून मिळवलेले २०५ कुठे गेले ते कळलं का?

तेलासाठी एक सोपी युक्ती. चमचे मोजत बसू नका, पाच लिटरचा डबा कधी फोडला आणि कधी संपला तेवढं लिहा. आमच्या चौघांच्या घरात तो महिनाभर पुरायचा. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो, एका ग्रॅमला ९ कॅलरी. माणशी रोज ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या! आईला आकडे सांगितले तर ती म्हणाली, "मग काय पाण्यात फोडणी देऊ?" भांडण नको म्हणून मीच एक छोटी पळी आणून फोडणीच्या डब्याजवळ ठेवली. डबा आता चाळीस दिवस जातो. चवीत फरक पडल्याचं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.

स्वयंपाक आई किंवा वहिनी करत असेल तर प्रत्येक पोळीचं वजन करायचा हट्ट धरू नका. एकदा कणीक मोजा, पोळ्या मोजा, भागाकार करा आणि तोच आकडा महिनाभर वापरा.

काटा अचानक वर का जातो?

बहुतेक वेळा पाणी. खारट जेवण, रात्रीचं जागरण, बायकांमध्ये पाळीच्या आधीचे दिवस, आणि बऱ्याच दिवसांनी केलेला व्यायाम. हे शेवटचं आपल्यासारख्यांना फार छळतं. दोन आठवड्यांनी जिमला गेलात, स्नायू दुखले, त्यांत पाणी साठलं आणि तिसऱ्या दिवशी काटा किलोभर वर. चरबी वाढलेली नसते. म्हणूनच सरासरी.

मग चालायचं तरी कशाला?

हे गणित कळल्यावर मी खरंच हा प्रश्न विचारला होता. आठवड्यातून तीनदा चाललो तर ६१५ कॅलरी, म्हणजे दिवसाला नव्वदही नाही. ते तर तेलाच्या पळीत मिळतात.

पण माझं मूळ दुखणं वजन नव्हतं, साखर होती. स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, काट्यावर काही दिसो न दिसो. शिवाय कमी खाताना शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं, आणि जोर लावायचा व्यायाम ते बऱ्यापैकी थांबवतो. त्याच्या जोडीला प्रोटीन लागतं. भारतीय शिफारस किलोला ०.८३ ग्रॅम आहे, वजन उतरवताना त्याहून थोडं जास्त असलेलं चांगलं. डाळ, दही, अंडी, चणे, सोयाबीन, आपल्याकडे कमी काही नाही.

अनियमित असण्याबद्दल चांगली बातमीही आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. सलग निदान दहा मिनिटं झाली तरच मोजा, ही जुनी अट त्यांनी २०२० मध्ये काढून टाकली. आणि २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ८९,५७३ लोकांच्या मनगटावरच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांनी आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांत उरकला, त्यांचा हृदयविकाराचा धोका रोज थोडा थोडा करणाऱ्यांइतकाच कमी होता. म्हणजे रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढलात तर ते वाया जात नाही. चालायला न गेलेल्या आठवड्यात शेजारचे काका विचारतात, "काय बाप्पा, सोडलं काय?" त्यांना आता मी शीट दाखवतो.

दोन वेळाच जेवलं तर?

नागपूरकडे हा प्रश्न येणारच. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार ही कल्पना व्याख्यानांतून सांगायचे आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती महाराष्ट्रभर पोचवली: दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. त्यांचा भर कॅलरीवर नाही, इन्सुलिनवर आहे. मला वाटतं, दिवसभर चहा-बिस्किट-फरसाण चालू असणाऱ्यांच्या कॅलरी यात आपोआप कमी होतात. जमत असेल तर करा, शीट त्यालाही चालते. पण साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

आणि हेही वाचा: वय १८ च्या आत असेल, गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर कॅलरी कापायचा हा हिशोब तुमच्यासाठी नाही. नोंद राहिली म्हणून जेवायची भीती वाटायला लागली, तर अ‍ॅप काढून टाका आणि घरात कुणाशी तरी बोला.

आकडा कधी बदलायचा?

वजन उतरलं की खर्चही उतरतो, म्हणून दर चार-पाच किलोंनंतर हिशोब पुन्हा करायचा. मी आता ७६ वर आहे आणि मध्ये एक वाढदिवस गेला. सूत्राने आकडा येतो २०१०, माझी शीट सांगते १९७०. मी शीटचं ऐकतो. एचबीए१सी मागच्या वेळी ५.८ आलं. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत पावसामुळे चालणं आठवड्याला दोनच दिवस होतंय. पोळ्याच्या आठवड्यात तर एकदाही झालं नाही आणि पुरणपोळ्या मात्र चार झाल्या. शीटमध्ये त्या चारही लिहिल्या आहेत.